मासळीचा डबा

परळजवळचं आमचं छोटं स्टेशन बंद पडून कितीतरी वर्षं झाली. त्याची आता वखार झाली आहे. आज तिथून जाताना सुक्या बोंबलांचा वास आला आणि मी नवी नवरी असतानाची एक सकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली.

तेव्हा स्टेशन म्हणजे एक कौलारू खोली आणि मातीचा फलाट. वरळीहून ओल्या टोपल्या डोक्यावर घेऊन आम्ही कोळणी कल्याणच्या बाजाराला निघालो होतो. तिकिटं काढलेली होती, तरी स्टेशनमास्तरांनी अडवलं.

"टोपल्या गाडीत चढणार नाहीत. उतारू वासाची तक्रार करतात."

ऊन चढत होतं. ही गाडी चुकली असती तर सगळी मासळी नासली असती.

माझ्या सासूनं टोपली मास्तरांच्या दारातच उतरवली. "मग इथंच विकतो," ती शांतपणे म्हणाली. पाठोपाठ सगळ्यांनी तिथंच टोपल्या मांडल्या. मी मात्र टोपली डोक्यावर घेऊन उभीच होते.

"बस गो, घाबरू नको," सासू म्हणाली.

गाडी आली तेव्हा मास्तर नाकाला उपरणं लावून खोलीत अडकले होते. गार्ड हसू दाबत म्हणाला, "मास्तर, मागचा मालडबा रिकामा आहे."

मास्तरांनी हात झटकला. "न्या. रोज त्यातूनच न्या."

तेव्हा मला मासळी वाचली एवढाच आनंद झाला. पुढं कितीतरी कोळणींची घरं त्या डब्यावर चालली, हे आज कळतं. गाडी हलली तशी सासू उघड्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उद्या येतो हां, मास्तर," ती म्हणाली.