काझिसच्या ग्लोव्हमधलं मांस

काझिस बार्तुलिस आमच्या कोळशाच्या खाणीच्या बेसबॉल संघाचा कॅचर होता आणि मी सेकंड बेस, म्हणजे धाव घेताना गाठायचा दुसरा टप्पा, सांभाळायचो. बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून तो पिचरनं टाकलेला चेंडू झेलायचा. समोरच्या संघातला कुणी चोरून माझ्या बेसकडे पळत सुटला, की काझिस बसल्या जागेवरून उठून असा चेंडू फेकायचा की मला फक्त ग्लोव्ह उघडा ठेवावा लागे. आमच्या डोंगरात तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

चेंडू कुठंही बसला तरी त्याच्या तोंडातून हूं की चूं निघत नसे. बोट मोडलं की शेजारच्या बोटाला फडक्यानं बांधायचं आणि पुन्हा बसायचं. लोक म्हणत, काय छातीचा गडी आहे. मला त्यात छाती-बिती कधी दिसली नाही. त्याचा थोरला भाऊ मोतेयुस खाणीत छत कोसळून गेला, तेव्हापासून काझिसला काही लागेनासंच झालं होतं. कंपनीच्या काळ्या गाडीतून दोन माणसांनी मोतेयुसला आणला, ओट्यावर ठेवला आणि गाडी वळवून ती निघून गेली. आमच्याकडे तशीच रीत होती. काझिसनं भावाचे बूट उतरवले, तोंड पुसलं, नंतर ओटा धुतला. रडला नाही. पण त्यानंतर खाणीत उतरायच्या पिंजऱ्यापाशी गेला की त्याचे पाय जमिनीला खिळायचे. मुकादमानं शिव्या दिल्या, ढकलून पाहिलं, आणि शेवटी हात टेकले.

अशा माणसाला कंपनीनं वस्तीतून हाकललंच असतं. पण आमचे मोठे साहेब, प्रीस, बेसबॉलसाठी वेडे. त्यांनी काझिसला वर, दिव्यांच्या खोलीत काम दिलं. वाती कापायच्या, तेल भरायचं, सकाळी खिडकीतून आम्हाला दिवे द्यायचे. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, जोवर कॅचर आहेस तोवर दिवे सांभाळ, नाहीतर बाकीच्यांसारखा खाली जा. काझिसनं मान हलवली. तो बहुतेक वेळा मानच हलवायचा.

आम्ही राहायचो मोतेयुसच्या बायकोकडे, पेत्रोनेलेकडे. नवरा गेल्यावर ती खोल्या भाड्यानं देऊन आम्हा देश सोडून आलेल्या लिथुआनियन गड्यांना रांधून घालायची. भाकरी आणि सूप तिचं, मांस ज्याचं त्यानं आणायचं. प्रत्येक जण आपल्या तुकड्याला ओळखीची दोरी बांधून द्यायचा आणि ते सगळं एकाच हंड्यात शिजायचं. दोरीवरून भांडणं व्हायची. ती मात्र कधी चुकायची नाही.

काझिसचा तुकडा हंड्यात पडण्याआधी सामना खेळून यायचा. कच्च्या मांसाची पातळ चकती तो डाव्या हातातल्या ग्लोव्हमध्ये तळव्याशी ठेवी, म्हणजे चेंडूचा मार कमी बसे. त्या काळी बरेच कॅचर असं करत. संध्याकाळी ते कुटलेलं मांस दोरी बांधून तिच्याकडे द्यायचा. आम्ही म्हणायचो, काझिसचं मांस पिचरनंच मऊ केलंय, बाईंना जाळ कमी लागेल. तोसुद्धा थोडा हसायचा.

एकोणीसशे अकराच्या वसंतात माझ्याकडे येणारे त्याचे चेंडू बिघडायला लागले. एक डोक्यावरून जाई, दुसरा अलीकडेच मातीत पडे. आधी वाटलं, खांदा गेला. मग एकदा पेत्रोनेलेच्या चुलीवरून त्यानं उकळता लोखंडी हंडा फडक्याशिवाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. कातडी तडतडल्याचा आवाज मी ऐकला. तो मात्र सूप कधी वाढणार असं विचारत उभा होता.

पेत्रोनेलेनं त्याचे दोन्ही हात पाण्यात धरले. त्याच्या हातांना कळत नाही, हे आम्हा तिघांनाही तेव्हाच उमगलं.  प्रीस साहेबांना कळलं तर दिव्यांची खोली गेली. त्यात कॉलेजात खेळलेला एक तरणाबांड कॅचर साहेबांनी आणून बाकावर बसवून ठेवला होता. चार जुलैला शेजारच्या खाणीशी सामना होता. साहेबांनी तिथल्या साहेबांशी पैज लावली होती, आणि आपला कॅचर तेव्हाच ठरवणार होते.

चार जुलैला काझिस बरा खेळत होता. दोन्ही संघांच्या धावा बरोबरीत होत्या, शेवटचा डाव होता, आणि त्यांचा एक माणूस थर्ड बेसवर, धावेपासून एकच टप्पा दूर, येऊन थांबला होता. आमच्या पिचरनं जोरात चेंडू टाकला. बॅटवाला चुकला. चेंडू थेट काझिसच्या ग्लोव्हमध्ये गेला आणि माझा जीव भांड्यात पडला. पण चेंडू तिथं थांबला नाही. उशीवर आपटावा तसा उसळून बाहेर आला आणि घरंगळत गेला. थर्ड बेसवरचा माणूस धावत सुटला. काझिसनं चेंडू उचलला, पुढं धावत आलेल्या पिचरकडे फेकला, आणि तो पिचरच्या पायांपासून हातभर लांब मातीत पडला. त्यांची धाव झाली, सामना गेला.

मी जाऊन त्याचा ग्लोव्ह काढला. आत मांसाची पातळ चकती नव्हती. बोटाएवढे जाड दोन तुकडे होते, एकावर एक ठेवून कडेनं नीट दोऱ्यानं शिवलेले. टाका बारीक होता. आमच्या घरात तसा टाका एकाच माणसाचा होता.

"तुला जाड लागलं नाही?" मी विचारलं.

"मला काय लागणार?" काझिस म्हणाला. तो बराच वेळ त्या टाक्याकडे बघत राहिला. "वहिनीला बोलू नकोस, सिमास."

प्रीस साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नव्या पोराच्या खांद्यावर हात टाकून ते निघून गेले, आणि जाता जाता काझिसला म्हणाले, सोमवारी सिमासच्या टोळीबरोबर उतर.

रात्री जेवायला सगळे बसले. पेत्रोनेले सामना बघायला यायची नाही, तिला कुणी काही सांगितलंही नव्हतं. तिनं काझिसच्या वाडग्यात मांस वाढलं.

"आज हाताला मार नाही ना बसला, भाऊजी?"

"नाही वहिनी."

"कसा बसेल? दुप्पट घातलं होतं मी. आणि शिवलं, सरकायला नको म्हणून."

चमचे थांबले. टेबलावरचा प्रत्येक जण मैदानात होता, चेंडू उसळताना प्रत्येकानं पाहिला होता. पेत्रोनेलेनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. मला स्वतःची लाज वाटली, एक साधी थाप मला मारता आली नाही.

"कधी उतरायचंय?" तिनं विचारलं.

"सोमवारी," काझिस म्हणाला. "मांस छान शिजलंय."

त्यानं ते सगळं खाल्लं. ती हंड्यापाशी आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि आम्ही जेवून उठेपर्यंत वळली नाही.

सोमवारी दिव्यांच्या खिडकीत तोच नवा कॅचर पोरगा होता. त्यानं काझिसला दिवा दिला, काझिसनं घेतला आणि वात जरा वर आहे म्हणून परत केला. पोरानं ती खाली केली. पिंजऱ्यापाशी मला वाटलं, याचे पाय आता अडणार. अडले नाहीत. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, दार लागलं आणि आम्ही खाली जाऊ लागलो.

अंधारात माझी बोटं कुणीतरी पकडली. इतकी आवळली की हाडं कडकडली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात तसाच राहू दिला. तळाशी पिंजरा थांबला, बाकीचे बाहेर पडले. काझिसनं दिवा खाली धरला आणि पाहिलं.

"मी तुझा हात धरलाय होय?"

"हो."

"कधीपासून?"

"वरपासून."

त्यानं सोडायचा प्रयत्न केला. त्याची बोटं उघडेनात. मी माझा दिवा खाली ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्याचं एकेक बोट सरळ केलं. तो बघत होता, दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तसा. मग आम्ही कोळशाकडे चालू लागलो.