भातगिरणीच्या टाकीतले गहाळ मासे

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या हिवाळ्यात शहापूरच्या एका भातगिरणीतल्या काचेच्या टाकीतून सहा दिवसांत तीन मासे नाहीसे झाले. टाकीत मुळात पाच होते. तिसरा गेला तो मंगळवार. त्याच दुपारी गिरणीचे मालक केशवशेट यांनी मला बोलावणं पाठवलं.

मी तेव्हा शहापूरच्या गुरांच्या दवाखान्यात व्हेटरिनरी असिस्टंट होतो. मुरबाडचं कामही माझ्याकडे होतं. दोन तालुक्यांतले बैल, म्हशी, शेळ्या आणि मामलेदारांचं घोडं, एवढं माझं राज्य. माशांशी संबंध फक्त ताटातला. तसं मी शेटना सांगितलं. ते म्हणाले, इथे जनावरांचे डॉक्टर तुम्ही एकटे, आणि मासा हे जनावरच. 

टाकी शेटच्या भाच्याने दिलेली होती. तो मुंबईला गोदीत नोकरीला होता. मासे त्यानेच किनाऱ्यावरच्या खडकांतून धरून आणले होते. बोटभर लांबीचे, पिवळे, अंगावर काळे पट्टे. सोबत एक दगड होता आणि दगडाला चिकटलेलं समुद्रफूल. जाड जांभळट देठ, वर शंभरेक मऊ पाकळ्या, पाण्यात सतत हलणाऱ्या. समुद्राचं पाणी घासलेटच्या धुतलेल्या डब्यांतून रेल्वेने आसनगावला यायचं, तिथून बैलगाडीने गिरणीत. भात भरडायला आलेली माणसं आपला नंबर येईपर्यंत टाकीसमोर उकिडवी बसत.

अशा कोंडलेल्या पाण्यात हवा सोडत राहावी लागते, नाहीतर मासे गुदमरतात. ही अडचण धोंडूने सोडवली होती. धोंडू गिरणीचा इंजिन ड्रायव्हर, शेणवे गावचा, बारा वर्षं कामाला. इंजिनच्या शाफ्टवरून एक पट्टा काढून त्याने सायकलचा पंप चालवला होता. पंपाची रबरी नळी टाकीत सोडलेली. इंजिन चालू असलं की पाण्यात बुडबुडे येत. रात्री गिरणीचा राखणदार तोच पंप हाताने मारी.

इंजिन दुपारी बारा ते दोन बंद असे. शेट घरी जेवायला जात, हमाल पांगत. शेणव्याला जाऊन येण्याइतका वेळ नसल्यामुळे धोंडू टाकीजवळच्या उंबऱ्यावर बसून भाकरी खाई. तिन्ही मासे याच दोन तासांत गेले होते. शेट बाराला निघताना मासे मोजत आणि दोन वाजता पुन्हा मोजत.

शेट माळकरी. त्यांच्या घरात अंडंही शिरत नसे. धोंडूच्या फडक्यात मात्र भाकरीबरोबर सुकट. शेटच्या मते निकाल तिथेच लागला होता. माझ्याकडून त्यांना फक्त दाखला हवा होता. ते म्हणाले, मासे रोगाने मेले असते तर मेलेले सापडले असते. तेव्हा रोग नव्हता एवढं लिहून द्या, म्हणजे चोरी ठरली. शनिवारी धोंडूला काढायचं त्यांनी नक्की केलं होतं. तशा इंजिनाची दुसरी गिरणी मुरबाडला होती आणि ती शेटच्या साडूची होती. म्हणजे शनिवारनंतर धोंडूला दोन्ही तालुक्यांत काम मिळालं नसतं.

धोंडू दारातच उभा होता. "डॉक्टर, खायचाच असता तं नदीचा धरला असता. बोटभर मासा त्यो, त्याचं कालवण तरी व्हईल का?"

"कालवण होत नाही," शेट म्हणाले, "पण तोंडी लावायला होतो."

"तुमाला कसं ठाव शेट? तुमी तं माळकरी."

शेटनी मला दाखल्याचा कागद पुढे केला.

मी आधी उरलेले दोन मासे पाहिले. पाठ उतरलेली, पोट आत गेलेलं. उपाशी बैल ओळखणाऱ्याला उपाशी मासाही ओळखता येतो. खायला काय घालता, असं विचारलं. शेट म्हणाले, कोंडा. गिरणीत कोंड्याला काय तोटा? एकादशीला तोही नाही, कारण त्या दिवशी घरात सगळ्यांनाच उपास.

आणि फुलाला?

"त्याला काय लागतंय? पाण्यावर जगतं. एखाद्या दुपारी मिटतं, दुसऱ्या दिवशी उमलतं. आत्ताही मिटलंय बघा."

मिटलेलं फूल मी पाहिलं. जांभळा गोळा, वांग्यासारखा फुगलेला. दगडाखालच्या वाळूत दोन पांढुरक्या गोळ्याही दिसल्या. कोंड्याचा लगदा असेल, असं समजून मी तिकडे दुर्लक्ष केलं. ती माझी चूक. दाखला मात्र लिहिला नाही. शुक्रवारी येतो म्हणालो.

बुधवारी आणि गुरुवारी मी मुरबाडकडे वैशाखऱ्याला बैलांना लस टोचत होतो. मुक्कामात कॉलेजचं प्राणिशास्त्राचं जुनं पुस्तक सोबत होतं. समुद्रफुलावर त्यात अर्धं पान निघालं. ते फूल नव्हे, जनावर आहे. पाकळ्या म्हणजे त्याचे हात, आणि त्या हातांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या विषारी सुया. त्यांना टेकलेला मासा सुन्न होतो. मधोमध तोंड असतं. खाल्लेलं पचलं की उरलेला चोथा त्याच तोंडाने बाहेर टाकतं, कारण दुसरी वाट नाही.

शुक्रवारी बाराला मी गिरणीत पोचलो. शेटना जेवायला जाऊ दिलं नाही. धोंडूने इंजिन बंद केलं, बुडबुडे थांबले, आणि आम्ही तिघे टाकीसमोर बसलो.

पाऊण तासाने मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले. मग एक दमला. तळाशी जाऊन दगडाच्या कडेला टेकला, शेपूट सैल. तगडा मासा पाकळ्यांपासून दूर राहतो. कोंड्यावर जगलेला आणि हवा तुटलेला मासा राहू शकत नाही. पाकळ्या त्याच्याकडे झुकल्या तेव्हा मी मध्ये पेला घालून त्याला बाजूला केलं. मग धोंडूकडून सुकटीची चिमूट घेतली आणि फुलावर सोडली.

पाकळ्या आत वळल्या. फूल मिटलं. सुकट दिसेनाशी झाली.

वाळूतल्या गोळ्या मी चमच्याने काढून बशीत सुईने फोडल्या. आत माशाचे काटे होते आणि पराची पिवळी कड होती. शेट बशीवर वाकले. मी त्यांना विचारलं, फूल कोणत्या दिवशी मिटलं होतं? त्यांनी बोटांवर मोजलं. गुरुवार, शनिवार, मंगळवार. मासे गेले तेच दिवस.

"त्या गुरुवारी एकादशी होती, डॉक्टर," शेट हळूच म्हणाले. "माझ्या टाकीत..."

"त्या दिशी तं माझा पन उपास होता," धोंडू म्हणाला.

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तुमी मासे मोजलेत शेट. माझं फडकं कुटं सोडून पायलंत?"

शेट उठले आणि फूल उपटून फेकायला त्यांनी टाकीत हात घातला. मी हात धरला. हे जनावर देठाच्या बुडाशी असलेल्या पायाने दगड धरून असतं. ओढलं की पाय फाटतो, फाटलेलं जनावर कुजतं, आणि घागरभर पाण्यात ते कुजलं तर संध्याकाळपर्यंत उरलेले मासेही मरतात. दगडासकट उचलायचं. ते मी केलं. मनगटाला पाकळ्या लागल्या, तिथे दोन दिवस खाजकुयली लागल्यासारखी आग होत होती. दगड समुद्राच्या पाण्याच्या वेगळ्या घमेल्यात ठेवला.

पुढची व्यवस्था शेटनीच ठरवली. दुपारी पंप हाताने मारायचा. माशांना कुटलेली सुकट घालायची, पण ती धोंडूने बाहेर कुटायची आणि शेटची पाठ वळलेली असताना घालायची. माफी कुणी मागितली नाही. शनिवारी धोंडूने नेहमीच्या वेळी इंजिन चालू केलं. शेट खुर्चीवर बसून होते.

रोगाचा दाखला देण्याआधी टाकीत जनावरं किती आहेत ते मोजून घ्यावं, एवढं मी यातून शिकलो.

रविवारी भाचा आला आणि समुद्रफूल दगडासकट डब्यात घालून मुंबईला परत घेऊन गेला. दोन्ही मासे पाऊस लागेपर्यंत जिवंत होते. धोंडू त्यानंतर नऊ वर्षं त्याच गिरणीत इंजिनावर होता.