देवमणी भोवरा आणि वळलेला पाय

वरातीत घोडीवर बसताना तुमच्यापैकी किती जणांनी तिचे पाय पाहिलेत?

माझ्या मामाच्या घोड्या अकोल्यात लग्नांना जातात. एक थकली, म्हणून लग्नसराईआधी नवी हवी होती. हिवरखेडजवळच्या एका वावरात आम्ही पांढरं शिंगरू पाहायला गेलो; पाठीवर अजून खोगीर न पडलेलं. मालकानं आधी त्याच्या गळ्यावरचा केसांचा भोवराच दाखवला.

"हा देवमणी भोवरा पाहा भाऊ. घरात बरकत येते."

मामा हरखला. आमच्याकडे घोडं घेणारा आधी भोवरे शोधतो, मग रंग, मग कान. पाय शेवटी, तेही उरकून. मला राहवेना. शिंगरू नांगरलेल्या काळ्या मातीत, खूर बुडालेले. पाय दिसणार कुठून?

"त्याले रोडवर घ्या. मले पाय पाहाचे हायेत."

"चार हायेत ताई. मोजून घ्या."

मामाही हसला. "इथंही पत्रक वाटून राहिली काय, पोरी?"

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं यायची. झाकलेलं उघडायला लावायचं, ही सवय तिथलीच. मी दोरी धरली आणि शिंगरू डांबरी रस्त्यावर आणलं.

समोर उभी राहिले. खांद्यापासून सोडलेली रेघ गुडघ्यातून खुराच्या मधोमध उतरायला हवी. पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली बाहेर वळलेला होता. चालवलं, तर तो खूर आत फिरून डाव्या पायाला घासत होता. तिथले केसच गेले होते.

"लहान हाय, सरळ होते," मालक म्हणाला.

मामानं खाली बसून त्या जागेवरून बोट फिरवलं. "बँडसमोर डांबरावर नाचवलं, तर हा पाय टिकन काय?"

मालकानं माझ्या हातातून दोरी घेतली. मामानं भोवऱ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, बराच वेळ. मग उठला. "चाल पोरी."

परतताना गाडीत मला गप्प बसवेना. "आपुन नाई घेतलं. पन दुसरा कोनी घेईनच ना?"

"घेईन ना कोनीतरी. भोवरा हाय ना."

तेव्हापासून बँड वाजला की मी रस्त्यावर धावते. नवरदेवाकडे पाहतच नाही, खाली पाहते. ते शिंगरू अजून दिसलेलं नाही. कदाचित तुमच्या गल्लीत येईल.

म्हणून सांगते: घरच्या लग्नात नवरदेव चढण्याआधी घोडीला मोकळी चालवून पाहा. पायाला पाय घासत असेल, तर तिला परत पाठवा आणि नवरदेवाला पायी चालवा.