बर्फातून पुसलेला माणूस

तोकुजी ओनोदेराने छत्तीस वर्षं होक्काइदोच्या टेकड्यांवर घरोघरी टपाल वाटलं आणि निवृत्त झाल्या दिवशी माणसांकडे पाठ फिरवली. कुणाशी भांडण नव्हतं. रोज दारोदार वाकून वाकून त्याची मान अवघडली, असं त्याची बायको मित्सु म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. त्याने कॅमेरा घेतला आणि बर्फाचे फोटो काढू लागला. झाड चालेल, कुंपण चालेल, कोल्ह्याची पावलं मिळाली तर स्वारी दिवसभर खूश. माणूस मात्र नको.

काढलेला प्रत्येक फोटो तो संगणकावर कृष्णधवल करायचा. रंग काढून टाकले की फोटो संपला असं कुणाला वाटेल, पण काम तिथूनच सुरू होई. निळा रंग किती काळा करायचा, पिवळा किती पांढरा, यावर तो दोन-दोन दिवस घालवायचा. मनासारखं झालं की मूळ रंगीत फोटो कायमचा उडवून टाकायचा. "रंगीत ठेवला की मन डळमळतं," म्हणायचा. अडेलतट्टूच होता, पण हात चांगला होता.

त्याचं नाव झालं ते नारुमींच्या शेताच्या फोटोंनी. मार्चमध्ये आमच्याकडचे शेतकरी बर्फावर काजळीची पूड टाकतात. काळ्यावर ऊन तापतं, बर्फ लवकर वितळतो आणि बटाट्याची जमीन दहा-बारा दिवस आधी मोकळी होते. हिरोमु नारुमी पाठीवरच्या यंत्राने पूड फवारत चालायचा. टेकडीवरून बघितलं तर पांढऱ्या चादरीला कुणी काळ्या दोऱ्याने धावदोरा घालत असावं, तशा त्या रेघा दिसत. ओळीने अकरा वर्षं तोकुजी तिथे कॅमेऱ्याची तिवई रोवून उभा राहिला. नगरभवनात त्याचे फोटो लागले.

अडचण एकच, खुद्द हिरोमु. भडक नारिंगी रेनकोट घालून तो बरोबर रेघेच्या टोकाशी असायचा. तोकुजीने त्यावर उपाय शोधला होता. संगणकावर नारिंगी रंगाची पट्टी उजवीकडे सरकवली की रेनकोट पांढरा होऊन बर्फात मिसळून जाई. उरलेले बूट आणि टोपी पुसायला एक मिनिट पुरे.

"माणसं पुसायची एवढी हौस आहे तर आधी मला पुसा," मित्सु म्हणायची. "निदान भांडी तरी घासावी लागणार नाहीत."

मागच्या एप्रिलमध्ये हिरोमु शेतातच छातीत कळ येऊन गेला. या वर्षी फेब्रुवारी संपता संपता त्याची बायको फुमिए हेरिंग मासा घातलेल्या कोबीच्या लोणच्याचा डबा घेऊन ओनोदेरांच्या दारात आली.

"ओनोदेरासान, एक मागणं आहे," बसल्या बसल्या ती म्हणाली. "एप्रिलमध्ये यांचं वर्षश्राद्ध. देव्हाऱ्यात यांचा गाडीच्या लायसन्सवरचा फोटो मोठा करून ठेवलाय. चोराला पकडल्यासारखे दिसतात. यांना फोटोचा भारी तिटकारा, लग्नकार्यातसुद्धा मागे लपायचे. पण तुम्ही तर अकरा वर्षं आमच्या शेताचे फोटो काढलेत. एखाद्यात असतीलच ना हे? लहान असले तरी चालतील. आपल्या जमिनीवर उभे असले म्हणजे झालं."

तोकुजीच्या तोंडचं पाणी पळालं. "बघतो," तो म्हणाला.

ती गेल्यावर मित्सुने चहाचे पेले उचलले. "काय बघणार आहात?"

"काही नाही उरलेलं."

"मग उद्या जा, पायावर डोकं ठेवा आणि सांगा तिला. भली बाई आहे."

"सांगतो."

सांगितलं नाही. छत्तीस वर्षं ज्या दारात त्याने दुसऱ्यांच्या बऱ्यावाईट बातम्या पोचवल्या, त्या दारात स्वतःची एक बातमी सांगायला त्याची जीभ उचलेना. आठवडाभर तो संगणकासमोर बसला. सगळ्या जुन्या फोटोंत रेघा होत्या आणि रेघांच्या टोकाला स्वच्छ, निर्दोष बर्फ होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या स्वच्छपणाची शिसारी आली.

मग त्याला यंदाच्या एका फोटोत दूरवर एक आकृती दिसली. शेताच्या कडेला काहीतरी उभं होतं, खाली बारीक, वर टोपी घातल्यासारखं. त्याने ते उचललं, जुन्या फोटोत रेघेच्या टोकाशी बसवलं, खांद्यापाशी थोडं रुंद केलं, पायाशी सावली दिली. आपली लबाडी इतकी बेमालूम जमलेली पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली. तरी त्याने मोठी प्रत छापली आणि नारुमींच्या घरी गेला.

फुमिएने फोटो देव्हाऱ्यासमोर ठेवला, उदबत्ती लावली आणि चष्मा पुसून खाली वाकली. तोकुजीनेही हात जोडले.

"हा आमच्या पाटाजवळचा खांब," ती म्हणाली. "बर्फ काढणारी गाडी पाटात पडू नये म्हणून रोवलेला. वरची बादली मीच उपडी घातलीये, डिसेंबरात."

तोकुजीने कपाळ चटईला टेकवलं. मग सगळं सांगितलं. नारिंगी पट्टी, पुसलेले बूट, उडवून टाकलेले रंगीत फोटो. खोकत, थांबत सांगितलं.

"असू दे. उठा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे त्याला जास्तच लागलं. "तुमचं काम बर्फाचं. आमचे हे मध्ये येत होते."

तिने चहा ओतला. पेला त्याच्यापुढे सरकवून ती जरा हसली.

"मुद्दाम यायचे, ठाऊक आहे? तुम्ही वर दिसलात की यांच्या अंगात यायचं. रेघेच्या टोकाला जाऊन थांबायचे आणि हात हलवायचे. एरवी कॅमेऱ्याला पाठ दाखवणारा माणूस. मी गोठ्यातून बघायची, मला पाठच दिसायची. तुम्हाला दिसत असतील ना, हात हलवताना?"

"दिसायचे."

खरंच दिसायचा. भिंगातून तर अगदी जवळ, लाल नाक, तोंडातून वाफ, आणि हातमोजा घातलेला हात इकडून तिकडे. हा बाबा कधी बाजूला होतोय म्हणून तोकुजी दोन्ही हात कॅमेऱ्यावर ठेवून खोळंबून राहायचा.

"घरी येऊन म्हणायचे, आज ओनोदेरानेही हात केला. दर वर्षी. शेजारीपाजारी फारसं कुणाशी जमलं नाही त्यांचं. पण मार्चमध्ये तो दिवस आला की जेवताना खुशीत असायचे." फुमिएने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही हात करायचात ना?"

नुकतंच एक खोटं पकडलं गेलं होतं. दुसरं बोलायची त्याची छाती झाली नाही.

"नाही," तोकुजी म्हणाला. "कधीच नाही केला."

फुमिएचा हात चहाच्या पेल्यावर तसाच राहिला.

"म्हणजे अकरा वर्षं मला उगाच सांगत आले," ती म्हणाली, आणि इतका वेळ सावरून बसलेली ती बाई तोंडावर दोन्ही तळवे धरून रडू लागली. तोकुजी समोर बसून राहिला. निदान एवढ्याला तरी हो म्हणायला हवं होतं, हे त्याला तेव्हा कळलं.