बुवांच्या सिम्फनीतली शांतता

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या आमच्या श्रवणमंडळात महिन्यातून एकदा साठेंच्या घरी सिम्फनी ऐकली जाते, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे ऐकतो कमी, बोलतो जास्त. त्यामुळे कान काही तयार झाले नाहीत, किस्से मात्र भरपूर साठले!

अविनाश साठे आमचा म्होरक्या. आठवडाभर कॉम्प्युटर चिप बनवायच्या मशीन्सवर काम करतो, वीकेंडला आमचं अज्ञान दूर करतो. त्याचं दैवत म्हणजे एकोणिसाव्या शतकातला एक ऑस्ट्रियन संगीतकार. त्याच्या नावाचा उच्चार प्रत्येकाचा वेगळा, म्हणून आम्ही त्याला सरळ ‘बुवा’च करून टाकलं.

*

बुवांची खासियत अशी, की ऐन भरात सगळा ऑर्केस्ट्रा एकदम गप्प होतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा झूटरमेरहून आलेला कदम उठून राउटर बघायला गेला.

“नेट गेलं वाटतं!”

“गाढवा, ती शांतता आहे! तीच तर ऐकायची असते!” साठे ओरडला. त्या ओरडण्यात शांतता संपून गेली.

*

बुवा भिडस्त. कोणीही काही सुचवलं की सिम्फनी बदलायला बसायचे.

“स्वतःवर विश्वासच नाही माणसाचा!” साठे म्हणाला.

“आणि तू?” त्याची बायको मुग्धा चहा ठेवत म्हणाली. “मॅनेजरच्या सांगण्यावरून ते प्रेझेंटेशन कितव्यांदा बदलतोयस?”

साठेने आवाज वाढवला. म्युझिकचा.

*

बुवांनी म्हातारपणापर्यंत तरुण मुलींना लग्नाचं विचारलं आणि सगळ्यांनी नकार दिला. मंडळ हळहळलं. फक्त कदमला नवल वाटलं नाही. तो पुण्यातल्या अर्ध्या नातेवाइकांची लग्नं व्हॉट्सॲपवरून जुळवतो.

“मध्ये कोणी नव्हतं ना! थेट विचारलं की असंच व्हायचं.”

*

एकदा शेजारच्या डच बाईंनी बेल वाजवली. साठेने घाईघाईने माफी मागितली, आवाज कमी करतो म्हणाला.

“म्युझिक राहू दे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही बोलणं कमी करा.”

*

साठेची मुलगी इरा इथल्या यूथ ऑर्केस्ट्रात हॉर्न, म्हणजे ते वेटोळं पितळी वाद्य, वाजवते. वरच्या खोलीत रोज रियाज चालतो आणि खालून बापाचा शेरा ठरलेला: “अजून पक्कं नाही!” पोरांची तोंडावर स्तुती केली की ती बिघडतात, हा साठे घराण्याचा सिद्धांत. रेकॉर्डिंगमधल्या हॉर्नवाल्याला मात्र दर वेळी “वाह!”

एक दिवस अशाच एका ‘वाह’नंतर इराने जिन्यातूनच विचारलं, “बाबा, कॅन ही हिअर यू?”

साठेने रेकॉर्डिंगच थांबवलं. कोणालाच हसू आलं नाही.

*

मग शेजारच्या आइंडहोवनला इराच्या ऑर्केस्ट्राने बुवांचीच सिम्फनी वाजवायची ठरवली. साठेने आम्हाला आदल्या दिवशी ग्रुपवर बजावलं: खोकायचं नाही, मधे टाळ्या नाहीत, आणि दाद तर अजिबात नाही, ही काही मैफल नव्हे!

इराचा सोलो आला. हॉर्न एकटाच वर चढत गेला, थांबला, आणि सगळा हॉल बुवांच्या त्या शांततेत बुडाला.

“वाह!”

साठे! गच्च मिटलेले डोळे, वर गेलेला हात! पुढच्या चार रांगा मागे वळल्या, मुग्धाने ओढणीत तोंड लपवलं, कदम दुसऱ्याच कोणाबरोबर आल्यासारखा बसला.

कार्यक्रम संपल्यावर साठे लालबुंद होऊन इरासमोर उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला, “सुरुवातीची एंट्री जरा कच्चीच होती हं.”

“टू लेट, बाबा,” हॉर्न पेटीत ठेवत इरा म्हणाली. “सगळ्या हॉलने ऐकलंय.”