भोंगा झालाच नाही

माझ्या आईला शांतता फार प्रिय, आणि तिच्या पोटी जन्माला आले मी!

आई गडचिरोलीकडच्या जंगलातली. "आमच्याकडं मोहाचं फूल पडलं तरी आयकू येते," असं ती अभिमानानं सांगायची. लग्न होऊन आली ती घुग्घुसला, कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत. इथं दिवसभर ट्रकांची घरघर, दुपारी ब्लास्टिंग झालं की फळीवरच्या भांड्यांचा तमाशा, आणि वर माझी बडबड. बाबा खाणीत डंपर चालवायचे. ते म्हणत, "डंपर तरी रिकामा झाला की गप्प उभा राह्यते. ही पोरगी रिकामीच होत नाई."

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. प्रभू येणार, त्याची वाट पाहायची. बाबांनी साहेबांना विचारून वर्कशॉपच्या भंगारातून बेअरिंगची एक भलीमोठी लोखंडी कडी आणली होती. आई तिच्याभोवती कडुनिंबाच्या डहाळ्या गुंडाळायची आणि चार मेणबत्त्या उभ्या करायची. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. डहाळ्या मात्र दर रविवारी धुवाव्या लागत, कारण तोवर कोळशाच्या धुळीनं त्या काळ्या झालेल्या असत.

ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षी, मी नऊ वर्षांची असताना, आईनं फर्मान काढलं. खाणीत शिफ्ट बदलताना दोन भोंगे व्हायचे, पहिला पावणेचारला आणि दुसरा चारला. रविवारी पहिल्या भोंग्याला सगळ्यांनी चटईवर बसायचं, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या भोंग्यापर्यंत देवाजवळ गप्प राहायचं. गजराचं घड्याळ तिनं थेट कणकेच्या डब्यात कोंबलं. "घड्याळाकडं पाहाल, त देवाकडं कवा पाहाल?" आम्हा दोघा भावंडांपैकी जो तोंड आणि डोळे बंद ठेवील, त्यानं त्या दिवसाची नवी मेणबत्ती पेटवायची.

मला ती मेणबत्ती हवी होती! इतकी हवी होती की हातात काडी नसतानाही मी काडी ओढायचा सराव करायची.

पहिल्या रविवारी मी एका मिनिटात विचारलं, "झालं काय?" दुसऱ्या रविवारी माशीला हाकललं, तेही शिव्या देऊन. तिसऱ्या रविवारी फक्त उचकी लागली होती, पण उचकीबद्दल मी सगळ्यांना माहिती दिली. तिन्ही वेळा मेणबत्ती दादानं पेटवली. तेरा वर्षांचा दादा पुतळ्यासारखा बसायचा. "संत हाय माहा पोरगा," आई म्हणायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

चौथा रविवार आला. उरलेली ही शेवटची मेणबत्ती. आईनं नाताळच्या गुंजांसाठी, म्हणजे खव्याच्या करंज्यांसाठी, वातीच्या स्टोवर दूध आटवायला ठेवलं होतं. धुळीसाठी खिडक्या बंद, त्यामुळे भर दुपारी घरात अंधार, आणि तीन ज्योती. पहिला भोंगा झाला. मी ओठ दातांत धरले आणि देवाशी बोलणी सुरू केली. देवा, माशी पाठवू नको. देवा, उचकी पाठवू नको. देवा, दादाले पाठव.

मग बोलणीही संपली. मला पहिल्यांदाच वातीची चुरचुर ऐकू आली. बाबांचा श्वास ऐकू आला. आईच्या बांगड्या गप्प होत्या, हे सुद्धा ऐकू आलं. आता भोंगा होईल, आता होईल, असं करता करता मी भोंग्याला विसरून गेले. मी! विसरून गेले!

तेवढ्यात दाराशी कुणीतरी चपला काढल्या.

अगदी हळू. पडदा सरकला आणि माझ्या उजवीकडे चटई करकरली. कुणीतरी बसलं. बोललं मात्र काहीच नाही.

चार रविवार ज्याची वाट पाहत होतो तो आला होता. देव! आमच्या घरी! चपला काढून! त्याच्या अंगाला ग्रीसचा वास येत होता, पण घुग्घुसला यायचं तर ग्रीस लागणारच. मग पुन्हा पावलं वाजली, पण ही सरळ स्वयंपाकघरात गेली. स्टो फुस्स करून विझला, पातेलं खाली उतरलं. देवाला आमच्या दुधाचीसुद्धा काळजी! मग चटई डावीकडेही करकरली.

"आई, देव आला!" असं ओरडायला माझं तोंड उघडलंच होतं. ओरडले तर मेणबत्ती जाणार. पण खरं सांगते, मेणबत्तीसाठी मी तोंड मिटलं नाही. ओरडले तर तो उठून जाईल, अशी मला भीती वाटली. मी बसून राहिले. इतकं भरलेलं, इतकं निवांत घर मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही पाहत नव्हतेच.

"आई, साडेचार झाले!" दादा ओरडला. "भोंगा काऊन नाई झाला?"

सगळ्यांचे डोळे उघडले. आईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "साडेचार झाले, हे तुले कसं समजलं बे?"

संताची नजर बाबांच्या मनगटावरच्या घड्याळावर होती. चारही रविवार तिथंच होती!

माझ्या उजवीकडे शेजारचे भाऊ बसले होते. खाणीतला दुपारचा भोंगा तेच वाजवायचे. डावीकडे पलीकडच्या घरातली खाला, टेलरकाकांची बायको.

"भोंगा बिघडला, तेच सांगाले आलतो," भाऊ म्हणाले.

"मग सांगतलं काऊन नाई?" बाबा म्हणाले.

"तुम्ही एवढे मस्त बसून होते. आम्ही विहारात बसतो तसे. मंग मीबी बसलो."

"आन् तुमची वाटी वापस द्याले आली मी," खाला म्हणाली. "दूध लागत होतं, बाई. ते उतरवलं आन् बसली."

आईनं माझ्या हातात काडेपेटी दिली. इतका सराव करूनही दोन काड्या विझल्या. तिसरीनं चौथी मेणबत्ती पेटली. भाऊंनी टाळी वाजवली.

"बोल ना व आता," आई म्हणाली. मी मान हलवली आणि खाणीच्या दिशेनं बोट दाखवलं. नियम म्हणजे नियम. दुसरा भोंगा कुठे झाला होता?

रात्रीच्या जेवणाला मी गप्प. आईनं दोनदा माझं कपाळ चाचपलं. सकाळी मी अंगणात काळं मंजन लावत होते आणि दुरुस्त झालेला भोंगा दणकून वाजला. लगेच कुंपणावरून भाऊंचं डोकं वर आलं. "बोल व पोरी, आता बोल!"

मी चूळ थुंकले. "भाऊ, काल मले वाटलं तुम्ही देव आहा."

भाऊंना चहाचा ठसका लागला. "अवं, मी त देव मानतच नाई, आन् तू मलेच देव केलं!"

"आन् स्टो विझवला तो कोणं?" पलीकडच्या कुंपणावरून खाला ओरडली.

"मले वाटलं, तोबी देवच होता, खाला."

"तौबा, तौबा!" कानाला हात लावून ती हसत सुटली.

आई दाराच्या पायरीवर बसून करपलेलं पातेलं घासत होती. हात थांबवून तिनं विचारलं, "मंग देव आला का नाई काल?"

"आलता," मी म्हणाले. आणि मग शाळेची वेळ होईपर्यंत मी थांबलेच नाही.