लोकरीला विटाळ नसतो

बाईंनी टोपली उचलली आणि अंगणातल्या बादलीत उपडी केली.

सगळ्याजणींचे क्रोशाचे रुमाल होते त्यात. कांजी करून, इस्त्री फिरवून ठेवलेले. उस्मानाबादच्या प्रदर्शनाला जायचे होते. पाण्यात पडले आणि त्यांचा लोळागोळा झाला. सोप्यात बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. कुणाला काही कळेना. मग बाईंनी माझ्याकडं बोट केलं.

"हिनं हिचा रुमाल यात घातलाय."

घातला होता मी. सगळ्यांच्या आधी येऊन, हळूच, वर ठेवला होता. बाईंनी बघावा, चकित व्हावं, शाबासकी द्यावी म्हणून.

"बाई, म्या सोता इणलाय," एवढंच मला बोलता आलं.

बाई ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत. समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, तुझी लोकर चालते. सूत कसं चालेल? लोकरीला विटाळ नसतो, सुताला असतो. पहिल्याच दिवशी मी या सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून तर तुला वर्गात घेता आलं."

पहिल्याच दिवशी. तो पहिला दिवस मी इतके महिने उराशी धरून बसले होते.

निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. नवं सरकार, नव्या योजना. मुरुममध्ये बायकांसाठी विणकामाचा वर्ग निघाला. लोकर, सूत, सुया सरकारच्या. जागा आणि शिकवणं बाईंचं. बाई म्हणजे हायस्कुलातल्या एका मास्तरांची बायको, सोलापूरला शिकलेल्या. मी महारवाड्यातली. चौथी झाली आणि शाळा सुटली. आई बाजारात झाडलोट करायची. वर्ग सगळ्यांसाठी आहे अशी दवंडी तिनं ऐकली आणि धुतलेलं परकर-पोलकं घालून मला धाडलं.

मी दारात उभी राहिले तशी आत कुजबूज सुरू झाली. एक पाटलीणबाई तर उठून निघालीच. बाईंनी तिला हाताला धरून बाकीच्यांजवळ नेलं, सगळ्यांना खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. पाटलीणबाई मान हलवत परत येऊन बसली. मग बाई मला म्हणाल्या, "ये, आत ये."

आत! जन्मात कुणी मला असं म्हटलं नव्हतं. मला वाटलं, बाई माझ्यासाठी भांडल्या. घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. आईच्या डोळ्याला पाणी आलं. म्हणाली, "देवमाणूस हाय गं ती. तिच्या शबुदाभाईर जाऊ नगंस."

गेले नाही. सांगतील तसं शिकले. सुलट, उलट, टाके वाढवणं, कमी करणं. बाई इतरजणींची बोटं धरून दाखवायच्या. मला मात्र समोर बसून स्वतःच्या सुयांवर दाखवायच्या. मला वाटायचं, मला लवकर कळतं म्हणून. एकदा सरकारी साहेब वर्गाच्या पाहणीला आले तर बाईंनी मला उंबऱ्याजवळून उठवून पुढं बसवलं. "आमच्या वर्गात भेद नाही," त्या म्हणाल्या. मीही मान ताठ करून बसले. किती खुळी होते! दुसऱ्या दिवशी पुन्हा माझी जागा उंबऱ्याजवळ. त्याचंही मला काही वाटलं नाही. तिथं उजेड चांगला येतो असं मीच मला सांगितलं.

बाईंनीच एकदा सांगितलं होतं, लोकरीचं आणि सुताचं दोन्ही काम येणाऱ्या बाईला दुसऱ्या गावच्या वर्गावर नेमतात. बेंबळीला वर्ग निघणार असं कानावर आलं होतं. माझ्या डोक्यात तेच बसलं. बेंबळीला जाईन. खुर्चीवर बसून शिकवीन. आईच्या हातातला झाडू सुटेल. दुसरं काही सुचत नव्हतं मला.

मग क्रोशा सुरू झाला. सगळ्यांना सूत मिळालं, मला नाही. "तू आधी आमच्या नातवाचा स्वेटर पुरा कर," बाई म्हणाल्या. तो झाला तर जावयाचा. मग टोपी, मग मफलर. बाईंच्या घरचं काम मला मिळतंय, मी हुरळून गेलेली. पण सुताचं आल्याशिवाय नेमणूक नव्हती. म्हणून मी उंबऱ्याजवळून बघत राहिले, साखळी कशी ओढतात, खांब कसा घालतात. छत्रीची मोडकी काडी दगडावर घासली, तिला आकडा केला. किराणाच्या पुड्यांचा दोरा गाठी मारून जोडला. त्याचा तो रुमाल. वेडावाकडा होता, गाठी दिसत होत्या. त्या रुमालाचा मला लई अभिमान होता.

आता तो बादलीत होता. आणि बाई मला शास्त्र सांगत होत्या.

त्या स्वयंपाकाला धाबळी नेसायच्या. लोकरीचं सोवळं. कुणी शिवलं तरी बाटत नाही, धुवावं लागत नाही. त्या धाबळीच्या नियमानं मी आत आले होते. बाईंनी मला घेतलं नव्हतं, लोकरीला घेतलं होतं. आणि घरी आई त्यांना देवमाणूस म्हणत होती. त्या क्षणी मला बाईंपेक्षा स्वतःचीच जास्त चीड आली.

"साहेबांपुढं बसवलं व्हतं मला, तवा?" मी विचारलं.

"तेव्हाही तुझ्या हातात लोकरच होती ना?" बाई म्हणाल्या. अगदी सहज.

पाटलीणबाई कपाळावर हात मारत होती. "आमच्या रुमालांचा सत्यानाश केला की हिनं!"

"रडू नकोस," बाई मला म्हणाल्या. "उद्यापासून बाहेर ओट्यावर बस. लोकर मी देत जाईन. तुझं काम चांगलं आहे."

मी रडत नव्हते. सोपा उतरून अंगणात गेले. बादलीत कोपरापर्यंत हात घातला, चाचपून माझा रुमाल काढला. मागं कुणीतरी किंचाळलं. मी रुमाल पिळला.

"आता माझा हात लागलाय," मी म्हणाले. "परत धुवा."

घरी आल्यावर आई घाबरून गेली. "काय करून बसलीस गं? जा, पाया पड बाईच्या. लोकरीचं तरी पदरात पडंल."

"न्हाय पडत," मी म्हणाले. आईला मी पहिल्यांदाच उलट बोलले होते. तिनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला गेले. ओट्यावर थांबले नाही, उंबऱ्याजवळही नाही. सतरंजीच्या मधोमध, सूत घेऊन बसलेल्या बायकांत जाऊन बसले. त्या भराभर अंग चोरून बाजूला झाल्या.

"ऊठ तिथून," बाई म्हणाल्या.

"न्हाय उठत. सूत द्या."

"तुझ्यासाठी मी लोकांचं किती ऐकून घेतलं, माहीत आहे?"

"सूत द्या, बाई. सरकारचं हाय."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सुताचे गुंडे गोळा केले, पेटीत भरले आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. वर्गाला कुलूप लागलं.

पुढच्या बाजारी मी आईबरोबर झाडत होते. पाटलीणबाई आमच्यापासून चार हात लांब येऊन उभी राहिली.

"बाईचा निरोप हाय. ओट्यावर बसत असशील तर उद्याच वर्ग सुरू करत्यात. तुझ्या एकटीपायी आमचं समद्यांचं शिकणं बुडालंय."

आई माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत नुसती विनवणी होती. मला बेंबळी आठवली. माझंही बुडत होतं, सगळ्यांत जास्त माझंच बुडत होतं, आणि ते मला कळत होतं.

"बाईंना सांगा," मी म्हणाले, "म्या येनार. सतरंजीवर बसनार, सुताला हात लावनार. असा उघडायचा तर वर्ग उघडा म्हनावं. न्हाय तर ऱ्हाऊ द्या कुलूप."

कुलूप राहिलं. मी बेंबळीला कधी गेले नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं आईच्या शेजारी बाजार झाडला. पण आजही कुणी तोच निरोप घेऊन आलं, तर माझं उत्तर तेच आहे.